गजभियेकाका आणि मागची सीट

मागच्या महिन्यात मुलुंडला एका साखरपुड्याला गेलो होतो. जेवण झालं. बायको दारात कोणाचा तरी निरोप घेत होती, म्हणजे आणखी अर्धा तास होता. तेवढ्यात गाडी काढावी म्हणून मी पुढे आलो. गाडीजवळ गेलो आणि सवयीप्रमाणे तिच्या पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे ठेवून, अंगाचा सगळा भार टाकून तिला खाली दाबली आणि सोडून दिली. गाडी वर आली, आणि तिच्या आतून कोणीतरी कण्हलं.

आत ड्रायव्हरच्या जागेवर एक गृहस्थ मांडीवर डबा घेऊन जेवत होते. म्हणजे मी दाबेपर्यंत जेवत होते. आता आमटी त्यांच्या शर्टावर होती. माझी गाडी याच रंगाची, याच बनावटीची, दोन गाड्या सोडून पलीकडे उभी होती. त्यांनी काच खाली केली आणि काय करताय, असं विचारलं. मी म्हटलं, शॉकअप बघत होतो.

"माझे?" ते म्हणाले.

मी खिशातला रुमाल पुढे केला, तो त्यांनी घेतला आणि परत दिला नाही. एव्हाना बायको बाहेर आली होती. तिने एका नजरेत सगळं ओळखलं आणि माझी तिची काही ओळख नसल्यासारखी सरळ पुढे निघून गेली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "काका गेले नागपूरला, आणि खूळ ठेवून गेले तुझ्याकडे."

हे खरं आहे. उभ्या गाडीचा कोपरा दाबायचा, सोडायचा, आणि ती एकदा वर येऊन गप्प बसते की नाचत राहते ते बघायचं, हे मला गजभियेकाकांनी शिकवलं. नाचत राहिली तर शॉकअप गेले. माझी गाडी धड आहे, मला तपासण्याचं काही कारण नाही. तरी हात जातात.

आमची चारकोपची सोसायटी जुनी. लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, गजभिये तिसऱ्यावर, बरोब्बर आमच्या डोक्यावर. काका भंडाऱ्याकडचे, पण सगळी नोकरी इथे, एका औषधाच्या कंपनीत तपासणी खात्यात झाली. पट्ट्यावरून बाटल्या येत, काका त्या उजेडासमोर धरत, आत कण दिसला की बाजूला काढत. निवृत्त झाल्यावर बाटल्या यायच्या थांबल्या, काकांचा हात थांबला नाही. टोमॅटो, अंडं, पापड, नोट, जे हातात येईल ते आधी खिडकीकडे जायचं. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा त्यांनी काचेचा ग्लास उचलून ट्यूबलाइटखाली फिरवला. बायकोचा चेहरा बदलला. काका म्हणाले, "चहा नाही पाहून राहिलो जी. काच पाहून राहिलो." त्यामुळे काही तिचं समाधान झालं नाही.

"नापास तर कोणीबी करते," ते म्हणायचे. "पास कराले छाती लागते." आणि काकांना ती छाती नव्हती, असं आम्हां सगळ्यांचं मत. एकदा सोसायटीने त्यांना सेक्रेटरी केलं, त्या वर्षी इमारत रंगवायची होती. जिन्यालगतच्या भिंतीवर रंगाऱ्याने नमुन्याचे पट्टे मारून दाखवले. एक साय, एक लोणी, एक हस्तिदंती, आणि मग काकांच्या सूचनेवरून यांच्या अधलेमधले. काका सकाळी बघायचे, दुपारी बघायचे, उन्हं उतरताना बघायचे. वर्ष संपलं, सेक्रेटरी बदलला, रंगारी दुसऱ्या कामावर गेला. पट्टे अजून आहेत. नवीन भाडेकरू विचारतात, ही काय कलाकुसर आहे का?

कुसुमकाकू मात्र झटपट. लहानपणीच वडिलांच्या कारखान्याच्या नोकरीपायी भांडुपला आलेल्या, तिथल्याच वस्तीत बालवाडी चालवलेली, त्यामुळे बोलणं अगदी मुंबईचं, तोंडावर. त्या भाजी आणून, निवडून, फोडणीला टाकून मोकळ्या व्हायच्या तेव्हा काका पिशवीतल्या उरलेल्या मिरच्या खिडकीशी तपासत असायचे. "एवढं सगळं नापास करणाऱ्या माणसाने मला कसं पास केलं, कोण जाणे," त्या एकदा आमच्यासमोर म्हणाल्या. काका शांतपणे म्हणाले, "बघाले आलो त्या दिवशी लाइट गेली होती जी."

दोघांचं असंच चाललं असतं. पण एका सकाळी पाण्याची बादली उचलताना काकूंच्या पाठीत काहीतरी करकरलं आणि त्या न्हाणीघराच्या उंबऱ्यातच खाली बसल्या. हाडं आतून पोकळ झालेली, एक मणका चेपला गेला होता. दवाखान्यात मी बरोबर होतो. डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म दिली आणि काकांनी ती अर्थातच खिडकीकडे धरली. बराच वेळ धरली. त्यात काय नापास आहे ते त्यांना दिसत होतं. पण ही वस्तू बाजूला काढायची सोय नव्हती.

डॉक्टर म्हणाले, औषधं चालू ठेवू, पण धक्का लागता कामा नये. शेजारचा मणका कच्चा आहे. तोही बसला तर उठणं-बसणं अवघड. घरातल्या घरात पट्टा लावून हळूहळू फिरा, रिक्षा नाही, टॅक्सी नाही, प्रवास नाही. काकूंनी विचारलं, भांडुपलासुद्धा नाही? डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, गंमत करतायत.

भांडुपला काकूंची थोरली बहीण होती, शांताआक्का. डोंगराच्या उतारावर, मुलाकडे. आई गेल्यावर आक्कांनीच काकूंना वाढवलेलं. रोज दुपारी दोघींचा फोन असायचा, आम्हाला खालच्या मजल्यावर अर्धा ऐकू यायचा. पण त्या वर्षी आक्कांचे कान गेले. यंत्र लावलं की डोकं दुखतं म्हणून त्या ते काढून ठेवत. फोनवर काकू इकडून ओरडायच्या, तिकडून आक्का म्हणायच्या, कोण बोलतंय? दोनचार दिवस असं झालं आणि काकूंनी फोन करणंच बंद केलं. व्हिडिओ करून बघितला, तर आक्का फोन कानालाच लावून ठेवायच्या, पडद्यावर नुसते पांढरे केस दिसायचे. आक्कांना इकडे आणावं, तर त्यांचे गुडघे तीन जिने चढणारे नव्हते. आणि काकूंचं म्हणणं, ती मोठी आहे, तिने का यायचं? लहान मी, मी जायचं.

"मला एकदा तिच्या समोर बसायचंय," त्या काकांना म्हणाल्या. "पुढचं पुढे."

काकांकडे एक जुनी छोटी गाडी होती. मुलगी शिकत होती तेव्हा घेतलेली, निळा रंग उन्हाने राखाडी झालेला. तिच्यात बसलं की खड्डा आधी आपल्या दातांना कळायचा, मग गाडीला. काका खाली गेले, चारही कोपरे दाबून बघितले. गाडी नाचली. वर येऊन ते काकूंना म्हणाले, "गाडी पास होऊ दे. मग नेतो."

आता त्यांची निवड सुरू झाली. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं; काकांनी पायरीवर बसून समजावलं ते असं. पुढच्या प्रत्येक चाकाच्या वर एक उभं नळकांडं असतं, त्याला स्ट्रट म्हणायचं. त्याच्याभोवती जाड स्प्रिंग. धक्का स्प्रिंग खातो, आणि स्प्रिंग उड्या मारत राहू नये म्हणून नळकांडं त्याला धरून ठेवतं. मागच्या चाकांनाही तेच, जरा वेगळ्या मांडणीने. वयानुसार स्प्रिंग बसतात, नळकांड्यातलं तेल झिरपतं. दोन्ही बदलायचे. पण कुठले? मऊ स्प्रिंग घेतले तर धक्का कमी, पण गाडी खाली झुकते आणि मोठ्या खड्ड्यात टेकते. टेकली की जो दणका बसतो तो सगळ्यात वाईट. कडक घेतले तर टेकत नाही, पण रस्त्यावरची खडी न् खडी पाठीला सांगत जातात.

"म्हणजे मधले घ्या," मी म्हटलं.

"मधले कुठले जी? तेच तर पाहून राहिलो."

त्या दिवसांत काकांनी सोसायटीतल्या प्रत्येक गाडीत बसून बघितलं. कोणी बाहेर निघालं की काका फाटकाशी उभे, मलेबी येऊ द्या म्हणून. पुढची सीट देऊ केली तर नको म्हणायचे. मागे, डाव्या बाजूला, डोळे मिटून बसायचे, कारण काकू तिथे बसणार होत्या. लिंक रोडचं वळण आलं की उतरून चालत परत. एकाच्या नव्या कोऱ्या, भल्यामोठ्या गाडीतून उतरताना त्यांनी मालकाला सांगितलं, दिसाले चांगली हाये, पण कंबर सांभाळा. तो माणूस अजून माझ्याजवळ त्याबद्दल कुरकुरतो.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमागे सावंतांचं गॅरेज. सावंत मालवणचे, कामाला चांगले, पण गिऱ्हाईकाचं ऐकून घेण्याची मर्यादा ठरलेली. काकांनी ती पहिल्याच आठवड्यात ओलांडली. सावंतांनी मुंबईचे खड्डे लक्षात घेऊन मजबूत माल बसवला होता, याच गाडीच्या डिझेल जातीचा. तिचं इंजिन जड, म्हणून स्प्रिंगही भक्कम. काकांच्या हलक्या पेट्रोल गाडीत ते बसले तर खरे, पण गाडी नाक वर करून उभी राहिली. काका मागे बसले, सावंतांनी इस्टेटला एक फेरी मारली, आणि काका उतरले ते मानेनेच नाही म्हणत.

"काढा."

सावंत म्हणाले, "काका, तुमका मऊ व्हया की मजबूत व्हया, ता एकदा ठरवा. दोन्ही एका स्प्रिंगीत कशी गावतली?"

"मले नाही पायजे जी. तिच्या पाठीले पायजे."

सावंतांनी पाना उचलला आणि स्प्रिंग काढायला घेतले. त्यानंतर दुसरा संच आला. मूळचा, मऊ. तो काकांना बरा वाटला, पण मागे दोन माणसं बसली की गाडी झुकायची. मग त्यांनी गाडीचंच वजन उतरवायला घेतलं. डिकीतली सतरंजी, जुनी छत्री, पाण्याचे कॅन, मुलीची कॉलेजातली बॅडमिंटनची रॅकेट, सगळं वर गेलं. मला कांदिवली स्टेशनपर्यंत सोडायचे ते बंद झालं. "वाईट नका वाटून घेऊ नाईक," ते म्हणाले, "तुमचं वजन स्प्रिंगले कळते." मी वाईट वाटून घेतलं नाही. ते मलाही कळतं.

काकू वर खिडकीत बसून हे सगळं बघत. माझी बायको दुपारी त्यांच्याकडे जायची. एकदा काकू तिला म्हणाल्या, हा माणूस दिवसभर खाली गाडीपाशी असतो, मी वर एकटी. मला झोके द्यायला निघालाय आणि पाणी द्यायला कोणी नाही. बायकोने हे मला सांगितलं, मी काकांना सांगितलं. काकांनी गाडीचा मागचा कोपरा एकदा दाबून सोडला. मग म्हणाले, "तिथं बसून मी काय करू? तिची पाठ मले दुरुस्त करता येत नाही."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खालीच होते.

शेवटची तपासणी म्हणून त्यांनी जे केलं, ते मी होतो म्हणून सांगतो. एका सकाळी त्यांनी मला चालवायला बसवलं आणि स्वतः मागच्या सीटवर पाय दुमडून आडवे झाले, कमरेखाली काकूंची उशी, पोटावर पाण्याने काठोकाठ भरलेली स्टीलची वाटी. काकूंना बसून नाही जमलं तर त्या अशा झोपून येणार होत्या. मी हळूहळू लिंक रोडला लागलो. मागून आवाज येत होता: सांडलं. थोडं सांडलं. नाही सांडलं, ही बाजू चांगली. मेट्रोच्या कामाशी रस्ता अरुंद झाला तिथे एका हवालदाराने हात केला. त्याने आत वाकून बघितलं. एक सत्तरीचा माणूस ओल्या शर्टाने आडवा, पोटावर वाटी. हवालदाराने मला विचारलं, यांना काय झालंय? मी म्हटलं, यांना काही नाही, यांच्या मिसेसना आहे. त्या कुठायत? घरी. हवालदार थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिला. मग काका वाटी न हलवता म्हणाले, "साहेब, तुमाले या रस्त्यात कुठली लेन बरी वाटते?" त्याने खरोखर विचार केला आणि पुढच्या सिग्नलपर्यंत उजवीकडून जा म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर काकांनी वाटीत बोट बुडवून बघितलं. अर्ध्याहून जास्त पाणी उरलं होतं. त्यांनी वाटी खिडकीकडे धरली. आणि म्हणाले, "चालते."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला.

आता आक्कांच्या बाबतीत घाई होती, कारण त्यांचा मुलगा रवी याची नागपूरला बदली झाली होती. डोंगराजवळच्या खोलीत तसंही दर पावसाळ्यात दरडीच्या धास्तीने जीव मुठीत धरून राहावं लागायचं. तो ती सोडून आईला, बायकोमुलांना घेऊन कायमचा निघाला होता. सोमवारचं वेटिंगचं तिकीट होतं. काकांनी रविवार ठरवला. पहाटे, रस्ते रिकामे असताना, आरामात जायचं. आम्ही दोघं बरोबर, कारण काकूंना खुर्चीत बसवून उतरवायला माणसं लागणार होती. माझ्या वजनाकडे त्यांनी फक्त एकदा बघितलं.

शनिवारी दुपारी जेवून मी आडवा झालो होतो तेव्हा वरून काकांची हाक आली. रवीचा फोन होता. सोमवारचं तिकीट अजूनही पक्कं झालं नाही. आजच्या गाडीत जागा मिळतेय, कल्याणहून. घरून चारला टॅक्सी निघेल. मावशीला काय सांगू, असं तो विचारत होता.

मी वर पोचलो तेव्हा काकू पट्टा बांधून पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. साडी बदललेली. काका समोर उभे.

"भर दुपारचा शनिवार हाये कुसुम. सगळीकडे गर्दी, खोदलेलं..."

"मी विचारत नाहीये," काकू म्हणाल्या.

मी, सोसायटीचा वॉचमन आणि पहिल्या मजल्यावरचा एक शेजारी, असं आम्ही तिघांनी त्यांना खुर्चीतून खाली नेलं. माझी बायको त्यांच्याशेजारी मागे बसली, मी पुढे. काकांनी गाडी फाटकाबाहेर काढली ती दुधाचं पातेलं चुलीवरून उतरवावं तशी. हायवेपर्यंत ठीक होतं. स्प्रिंग खरंच काम करत होते. काकू एकदा म्हणाल्यासुद्धा, बरं वाटतंय. काकांचे खांदे जरा सैल झाले. पण जोगेश्वरीहून पवईकडे वळलो आणि सगळं थांबलं. एका बाजूचा रस्ता खणलेला, गाड्यांच्या दोन रांगांची एक होत होती. आम्ही सरकत होतो, थांबत होतो. ऊन गाडीच्या टपावर. काका आरशात मागे बघत, मग पुढे, मग घड्याळात. रवीला फोन लावला. तो म्हणाला, काका, दहा मिनिटं जास्त थांबतो, त्याहून नाही, गाडी सुटेल.

तलाव ओलांडला तेव्हा चार वाजून गेले होते. पुढे रस्ता मोकळा होता. मोकळा होता, कारण त्यावरून कोणाला जायचं नव्हतं. डांबर उखडून काढलेलं, मध्ये पट्टे, खाचा, आणि खडी. दुसरा रस्ता होता, चांगला, पण फिरून जाणारा. काकांनी गाडी जवळजवळ थांबवली. मागून हॉर्न सुरू झाले.

"अहो," काकू मागून म्हणाल्या, "जोरात घ्या."

काकांचे हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या खड्ड्यांवर. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, ते प्रत्येक खाच वेगळी बघतायत, ही चालेल, ही नाही.

"गाडी टेकन कुसुम. टेकली तर..."

"टेकू द्या. माझी पाठ आहे ना? मी सांगतेय. घ्या."

त्यांनी आरशात काकूंकडे बघितलं. मग गिअर टाकला.

तो रस्ता मला आठवतो तो आवाजांनी. पुढून ठाक्, मागून ठाक्, मऊ स्प्रिंग दबून गाडीचं लोखंड लोखंडावर आदळत होतं, आणि काका थांबले नाहीत. पाय काढला नाही. इतक्या वर्षांत दुधाच्या पिशवीलाही धक्का न लावलेला माणूस दात आवळून, डोळ्यांतलं पाणी न पुसता त्या खडीवरून गाडी दामटत होता. मागून काकूंचा आवाज येत नव्हता. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मागे वळायचं धाडस केलं नाही.

भांडुपच्या उताराखाली टॅक्सी इंजिन चालू ठेवून उभी होती. टपावर सामान. शेजारी दुकानाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर शांताआक्का, मांडीवर पिशवी. रवी धावत आला, जयभीम काका म्हणाला, आणि आईला उठवून आमच्या गाडीकडे आणलं. माझी बायको उतरली, आक्का तिच्या जागी बसल्या. आक्का चांगल्या धिप्पाड. गाडी त्या बाजूला भसकन खाली गेली. काका गाडीबाहेर पाठ करून उभे होते. ती किती बसली ते त्यांनी बघितलं नाही.

आक्कांना ऐकू येत नव्हतं म्हणून त्या सगळं मोठ्याने बोलत होत्या, रस्त्यावरच्या सगळ्यांना कळेल असं. किती वाळलीस गं. हा खायला देतो की नुसता तपासतो? केस का नाही विंचरलेस? काकूंच्याने बोलवत नव्हतं. त्या फक्त आक्कांच्या तोंडावरून हात फिरवत होत्या, कपाळ, गाल, हनुवटी, कान. मग आक्कांनी पिशवीतून कंगवा काढला आणि तिथेच, गाडीत, बहिणीचे केस सोडून विंचरायला घेतले. रवी दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेला. वेणी घालून झाली, तेव्हाच आक्का उतरल्या. टॅक्सी गेली. काकू ती वळेपर्यंत बघत होत्या. मग म्हणाल्या, आता सावकाश चला.

त्या संध्याकाळी त्यांना खुर्चीतून वर नेताना कळलं. कुठेही हात लावला तरी चेहरा पांढरा पडत होता. शेजारचा मणका बसला होता, आणि त्याच्याखालचाही. डॉक्टर चिडले. कोणी नेलं होतं यांना? तुम्हाला सांगितलं नव्हतं का?

काका म्हणाले, "मी चालवत होतो. घाईत माझा अंदाज चुकला."

मी तोंड उघडणार होतो. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मिटलं.

मुलगी नागपूरहून आली, तिलाही हेच सांगितलं. ती पुष्कळ बोलली. आयुष्यभर साधा रंग ठरवता आला नाही तुम्हाला, आणि आईच्या बाबतीत असं? काका ऐकून घेत होते. काकू पलंगावरून म्हणायच्या, अगं, मीच सांगितलं त्यांना. मुलगी डोळे पुसून आमच्याकडे बघायची. आई नेहमी बाबांचीच बाजू घेते, ती माझ्या बायकोला म्हणाली. आम्ही दोघांनी सांगून बघितलं. आम्हीही शेजारधर्म पाळतोय असंच तिला वाटलं असावं.

काकू त्यानंतर उठल्या नाहीत. दिवाळी पलंगावरच झाली. आता काका खाली यायचे नाहीत, दिवसभर वर असायचे. आम्हाला डोक्यावर त्यांच्या चपलांचा आवाज यायचा, पलंगापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून पलंगापर्यंत. एकदा गेलो तर ते काकूंच्या केसांत तेल लावत होते. काकू मला म्हणाल्या, बघ, वेणी अजून जमत नाही यांना, तिसऱ्यांदा सोडली. थंडीत त्या गेल्या.

गाडी काकांनी सावंतांकडे ठेवली. पुढे काय झालं ते विचारलं नाही. महिन्याभराने मुलगी त्यांना न्यायला आली, भाड्याची गाडी घेऊन. आम्ही खाली उतरलो. एक बॅग, बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो चादरीत गुंडाळून. काका माझ्या हातात हात देऊन उभे राहिले. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, आणि मी म्हटलं, नागपूरचे रस्ते आता मस्त झालेत म्हणे. असं बोलायला मलाच सुचतं. काका म्हणाले, "हो ना जी." आणि बसले.

मुलगी ड्रायव्हरला पत्ता सांगत होती. सेक्टरच्या कोपऱ्यावरच्या गतिरोधकावरून ती गाडी अजिबात हळू न होता गेली. मागच्या काचेतून काकांचं डोकं वर उडालेलं दिसलं, आणि खाली आलं. त्यांनी वळून बघितलं नाही.

वर आल्यावर मी बराच वेळ तेच बोलत होतो. की त्यांनी मुलीला खरं सांगायला हवं होतं. की तो फिरून जाणारा रस्ता घेतला असता तर कदाचित दोन्ही जमलं असतं. की मी त्यांच्या जागी असतो तर निदान बायकोला एकदा विचारलं असतं, नीट, की तुला खरंच कळतंय ना काय होईल.

बायको ओट्याशी मेथी निवडत होती. त्या दिवशी मागच्या सीटवर काकूंना धरून ती बसली होती, तिथे काय झालं ते तिने मला कधी सांगितलं नाही, आजही सांगितलं नाही. माझं संपेपर्यंत ती निवडत राहिली. मग म्हणाली, "माझ्यावर अशी वेळ आली आणि मी जोरात घे म्हटलं, तर मला विचारत बसू नकोस. घे."